नकार आणि रक्कम एकाच कागदावर: लसीच्या कथित इजेचा दावा अमेरिकेत तडजोडीने कसा मिटतो

लसीमुळे इजा झाल्याचा दावा अमेरिकेत तडजोडीने मिटतो, तेव्हा दोन्ही पक्ष ज्या कागदावर सह्या करतात त्यात लागोपाठ दोन कलमे असतात. पहिल्याचा आशय असा असतो की, या लसीमुळे अर्जदाराला सांगितलेला आजार किंवा अन्य कोणतीही इजा झाली, हे सरकार नाकारते. त्याच्या लगेच खाली लिहिलेले असते की, असे असले तरी हा वाद येथेच मिटवावा आणि अर्जदाराला पुढील रक्कम द्यावी, यावर उभय पक्षांचे एकमत झाले आहे. असा कागद समाजमाध्यमांवर फिरू लागला की वाचणारे त्यातले एकच कलम वाचतात. लसींवर राग असलेल्याला फक्त रक्कम दिसते आणि सरकारने कबुली दिली असे तो सांगत सुटतो. लसींची बाजू घेणाऱ्याला फक्त नकार दिसतो आणि दावाच खोटा होता असा निष्कर्ष तो काढतो. दोघांच्या या घाईत खरोखर आजारी पडलेल्या माणसाची फरफट होते. ही दोन्ही कलमे एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे नीट समजून घेतले तर या व्यवस्थेचा बहुतेक भाग उलगडतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत डांग्या खोकल्याच्या त्रिगुणी लसीविरुद्ध दाव्यांची रीघ लागली. लसीच्या किमती वाढल्या, उत्पादकांनी काढता पाय घेतला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर लसीचा तुटवडा भासू लागला. दुसरीकडे, ज्या कुटुंबांची मुले खरोखर आजारी होती त्यांना कंपनीची चूक सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयात झगडावे लागे आणि हाती काही लागेलच याची खात्री नसे. यावर तोड म्हणून १९८६ साली संसदेने बालकांच्या लस-इजांविषयीचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून ‘नॅशनल व्हॅक्सीन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम’ ही भरपाई योजना सुरू झाली.

कोणाची चूक झाली, हा प्रश्न या योजनेत विचारलाच जात नाही. आपल्या वाचकांना हे तत्त्व अपरिचित नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार अपघातात मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपयांची भरपाई चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही मिळते. लसीच्या योजनेतही लस सदोष होती की परिचारिकेने सुई चुकीची टोचली, याचा शोध घ्यावा लागत नाही. प्रश्न एवढाच असतो की, ही इजा लसीमुळे झाली का. भरपाईचा पैसा एका स्वतंत्र निधीतून येतो. लस ज्या आजारापासून संरक्षण देते, अशा प्रत्येक आजारामागे दर मात्रेला ७५ सेंट कर त्या निधीत जमा होतो; म्हणून गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीवर सव्वादोन डॉलर कर पडतो. दाव्यात प्रतिवादी म्हणून आरोग्य खात्याच्या मंत्र्यांचे नाव असते आणि त्यांच्या वतीने न्याय खात्याचे वकील उभे राहतात. लस बनवणारी कंपनी या वादात कुठेच नसते. ‘कंपनीने पैसे देऊन तोंड बंद केले’ असे म्हणणाऱ्यांनी ही एक गोष्ट जरी ध्यानात घेतली तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

दावा वॉशिंग्टन येथील ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’ या न्यायालयात दाखल होतो आणि तो ‘स्पेशल मास्टर’ नावाचे न्यायिक अधिकारी चालवतात. कायद्याने त्यांची संख्या आठपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यांच्यापुढे जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग तक्त्याचा. कायद्यासोबत एक तक्ता आहे. त्यात कोणत्या लसीनंतर कोणती इजा किती काळाच्या आत दिसली तर ती लसीमुळेच झाली असे गृहीत धरायचे, हे लिहिलेले आहे. लस टोचल्यावर चार तासांच्या आत आलेली तीव्र ॲलर्जी त्यात आहे, रोटाव्हायरसच्या लसीनंतर १ ते २१ दिवसांत बाळाचे आतडे आतड्यात अडकणे आहे, आणि २०१७ पासून टोचल्याच्या ४८ तासांच्या आत सुरू झालेले खांद्याचे दुखणेही आहे. तक्त्यात बसणाऱ्या माणसाला कारण सिद्ध करावे लागत नाही. इजा दुसऱ्याच कशामुळे झाली, हे मग सरकारला दाखवावे लागते.

तक्त्यात न बसणाऱ्याला दुसरा मार्ग धरावा लागतो आणि तो चढणीचा आहे. २००५ सालच्या ‘ॲल्थेन’ खटल्यातील निकालानुसार त्याला तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात: अशी लस अशी इजा करू शकते याचा वैद्यकीय सिद्धांत, या माणसाच्या बाबतीत तसेच घडले हे दाखवणारी कारण-परिणामांची तर्कसंगत साखळी, आणि त्या सिद्धांताला साजेसे कालांतर. फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. पारडे शंभरात एक्कावन्नाइतके झुकले तरी पुरते. विज्ञानाला मान्य होणारा पुरावा आणि न्यायालयाला पुरणारा पुरावा यांतील हे अंतर विसरले की पुढचे सगळे चुकीचे वाचले जाते.

आता एक कल्पित प्रकरण डोळ्यांसमोर आणू. साताऱ्याच्या ६२ वर्षांच्या एक बाई न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेल्या आहेत. ५ ऑक्टोबरला लेकीने त्यांना औषधांच्या दुकानात नेऊन फ्लूची लस टोचून घेतली. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पावलांना मुंग्या येऊ लागल्या, मग जिना चढवेना, आणि २४ तारखेला त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. निदान झाले गुलेन बॅरी सिंड्रोमचे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते तो हा आजार. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचा उद्रेक झाल्यापासून ‘जीबीएस’ ही अक्षरे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली आहेत. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीकरणानंतर हा आजार साधारणपणे लाखामागे एका माणसाला अधिक झाल्याचे दिसले होते आणि ती मोहीम थांबवावी लागली होती. आजच्या हंगामी लसींबाबत ही जोखीम, असलीच तर, दहा लाख मात्रांमागे एक-दोन रुग्णांइतकी अल्प मानली जाते. तक्त्यात फ्लूच्या लसीनंतर ३ ते ४२ दिवसांत सुरू झालेल्या जीबीएसचा समावेश आहे.

या बाईंना दावा करता येईल का, हा पहिला प्रश्न. करता येईल. त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. लस अमेरिकेच्या भूमीवर घेतलेली असणे हा सर्वसाधारण नियम आहे. आजाराचे परिणाम सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले असले पाहिजेत, किंवा रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करावी लागलेली असली पाहिजे, किंवा मृत्यू ओढवलेला असला पाहिजे. बाई दरम्यान साताऱ्याला परतल्या असतील, तर तिथल्या फिजिओथेरपीच्या नोंदी इथे कामी येतात. काठी कधी सुटली, बोटांचा बधिरपणा कधीपर्यंत राहिला, हे तारखांसह कागदावर असायला हवे आणि नोंदी मराठीत असतील तर त्यांचे इंग्रजी भाषांतर जोडायला हवे. मुदत पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांची आहे. निदान झाल्याची तारीख इथे उपयोगाची नाही. पहिल्या मुंगीपासून घड्याळ सुरू होते. मृत्यूच्या प्रकरणात मृत्यूनंतर दोन वर्षे आणि पहिल्या लक्षणापासून चार वर्षे, अशा दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. दुखण्यातून सावरता सावरता कुटुंबाची ही मुदत निघून जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण ती चुकली तर दाव्यात कितीही तथ्य असले तरी उपयोग होत नाही.

वकिलाच्या बाबतीत मात्र कायदा उदार आहे. वकिलाला भरपाईतला हिस्सा घेता येत नाही. त्याची वाजवी फी वेगळी, त्याच निधीतून मिळते, आणि दावा प्रामाणिकपणे व वाजवी आधारावर केलेला असेल तर तो हरल्यावरही मिळू शकते. ‘वीस टक्के माझे’ असे कोणी म्हणत असेल तर त्याच्याकडे जाऊ नये.

सरकारी डॉक्टर कागदपत्रे तपासतात आणि न्याय खाते आपला अहवाल दाखल करते. आता खरा पेच दिसू लागतो. २४ नोव्हेंबरला आपत्कालीन विभागातील परिचारिकेने ‘चार दिवसांपासून पायांना मुंग्या’ असे टिपले आहे. म्हणजे सुरुवात २० तारखेला झाली, आणि तो लस घेतल्यानंतरचा ४६वा दिवस ठरतो. दुसऱ्या दिवशी मज्जातंतूतज्ज्ञाने लिहिले आहे ‘दहा दिवसांपासून’; त्या हिशेबाने सुरुवात १५ तारखेची, म्हणजे ४१व्या दिवसाची. एका नोंदीनुसार बाई तक्त्यात बसतात, दुसरीनुसार बाहेर पडतात. लेकीच्या फोनमध्ये १६ नोव्हेंबरचा एक संदेश सापडतो. आईने साताऱ्याच्या बहिणीला लिहिले आहे, ‘पावलं बधिरल्यासारखी वाटतात, चप्पल पायात आहे की नाही तेही कळत नाही.’ तो ४२वा दिवस. दावा सुरू झाल्यावर लिहिलेल्या शपथपत्रापेक्षा, दाव्याचा विचारही मनात नसताना लिहिलेल्या अशा ओळीला अधिक वजन मिळते. घरात कोणी असे आजारी पडले तर फोनमधले जुने संदेश पुसू नयेत, असे मी आवर्जून सांगेन.

परंतु सरकारी वकिलाच्या हातीही एक कागद आहे. रुग्णालयातील पहिल्या मुलाखतीत बाईंनी सांगितले होते की दिवाळीच्या दिवसांत त्यांना तीन दिवस जुलाब होत होते. जीबीएसच्या सर्वांत ठाऊक असलेल्या कारणांपैकी एक आहे कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा आतड्याचा जिवाणू. पुण्यातील उद्रेकात काही रुग्णांच्या नमुन्यांत तोच आढळला होता. आपल्या बाईंच्या शौचाची तपासणी वेळेत झालीच नाही. जुलाब त्या जिवाणूमुळे झाले होते की साध्या अपचनाने, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. बाईंचे तज्ज्ञ म्हणतील की लक्षणे लसीनंतरच्या अपेक्षित काळात सुरू झाली आणि जिवाणूचा कसलाही पुरावा नाही. सरकारचे तज्ज्ञ म्हणतील की तारीखच निश्चित नाही आणि जुलाबांचे कारण अधिक संभवनीय आहे. दोघेही आपापल्या विषयातले जाणकार आहेत आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही.

तडजोड या ठिकाणी जन्माला येते. सुनावणी झाली तर बाई जिंकतील किंवा हरतील, मधला रस्ता नाही. जिंकल्या तर पूर्ण भरपाई, हरल्या तर शून्य, आणि त्यासाठी आणखी दोन-तीन वर्षे थांबावे लागेल. समजा, जिंकल्यास दीड लाख डॉलर मिळतील असे दोन्ही वकिलांना वाटते आणि जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. मग पाऊण लाखाच्या आसपासची रक्कम दोघांनाही पटण्यासारखी ठरते. प्रत्यक्षात असे कोणतेही ठरलेले सूत्र नसते आणि हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत; पण विचार याच दिशेने चालतो. तडजोडीची रक्कम म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून ठरवलेली शंकेची किंमत असते. लसीने इजा केली की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या रकमेत शोधणे व्यर्थ आहे, कारण त्या प्रश्नाचा निवाडा कोणी केलेलाच नसतो. आपल्याकडे लोकअदालतीत किंवा दिवाणी न्यायालयात तडजोड पुरसिस दाखल होते, तेव्हा बांधावरून भांडणाऱ्या भावांपैकी खरे कोणाचे, हे जसे न्यायाधीश लिहीत नाहीत, तसेच हे आहे.

ही वाट आडवळणाची नाही. योजनेचा कारभार पाहणाऱ्या सरकारी विभागाच्याच सांगण्यानुसार भरपाईपैकी सुमारे ६० टक्के भरपाई अशा वाटाघाटींतून दिली जाते, आणि या प्रकरणांत लसीमुळे इजा झाली असा निष्कर्ष आरोग्य खात्याने काढलेला नसतो. उरलेल्या प्रकरणांत एक तर सरकार स्वतःहून दावा मान्य करते किंवा स्पेशल मास्टर पुराव्यावरून निर्णय देतात. त्यामुळे १९८८ पासून दिलेल्या ५ अब्ज डॉलरहून अधिक भरपाईचा आकडा दाखवून ‘एवढ्या इजा लसींनी केल्या’ असे म्हणणे चूक आहे. आणि त्याच आकड्याला ‘उगाच वाटलेले पैसे’ म्हणणेही तितकेच चूक आहे, कारण मान्य झालेल्या आणि सिद्ध झालेल्या इजाही त्यात आहेत, आणि त्या सोसणारी हाडामांसाची माणसे आहेत. प्रमाण सांगायचे तर वाटल्या गेलेल्या दर दहा लाख मात्रांमागे साधारण एका व्यक्तीला भरपाई मिळालेली आहे.

रक्कम ठरवताना चार गोष्टी मोजल्या जातात: झालेला वैद्यकीय खर्च, पुढे लागणारा खर्च, बुडालेली कमाई आणि सोसलेल्या वेदना. वेदनांसाठी कमाल २ लाख ५० हजार डॉलर आणि मृत्यूसाठी तेवढीच रक्कम कायद्यात १९८६ साली लिहिली गेली, आणि ती तेव्हापासून महागाईच्या मानाने वाढलेली नाही. हा या कायद्यातला मोठा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे; चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्याने आजचे दुःख मोजता येत नाही. विमा कंपनीने दिलेला किंवा देणे लागत असलेला खर्च या निधीतून मिळत नाही. म्हणून प्रवास विम्याचा दावा आधी निकाली काढून त्याचे कागद हाताशी ठेवावे लागतात. इजा झालेली व्यक्ती लहान मूल असेल आणि तिला आयुष्यभर शुश्रूषा लागणार असेल, तर भावी खर्चाचा तपशीलवार आराखडा करतात, त्यासाठी अनेकदा वर्षासनाची व्यवस्था होते, आणि पैसे मुलाच्या वतीने स्वीकारण्यासाठी पालकालाही राज्याच्या न्यायालयाकडून रीतसर नेमणूक घ्यावी लागू शकते.

बाईंची लेक तडजोडनामा आईला मराठीत समजावून सांगेल, तेव्हा तीन जागी तिने थांबावे. पहिली जागा अर्थातच नकाराची. ‘माझं दुखणं खोटं होतं असं म्हणतात का हे?’ असे आई विचारील. तसे तो कागद म्हणत नाही. दुखणे कोणीच नाकारलेले नाही. ते लसीमुळे झाले, एवढेच नाकारलेले आहे. ‘कथित’ हा शब्द सोसणाऱ्याला बोचतो हे मला मान्य आहे, परंतु या कागदावर तो आजाराच्या कारणापुरता आहे. दुसरी जागा आहे दावा सोडण्याच्या कलमाची. सही केल्यावर या लसीच्या या इजेसाठी पुन्हा काही मागता येत नाही. पुढच्या वर्षी पाय पुन्हा लुळे पडले, तरी प्रकरण उघडत नाही. म्हणून आजार कुठवर सुधारणार याचा अंदाज डॉक्टर देऊ शकतील, तोवर रकमेवर मान डोलावण्याची घाई करू नये. तिसरी जागा गोपनीयतेची. स्पेशल मास्टर तडजोडनामा स्वीकारून निर्णय देतात आणि तो निर्णय सर्वांना वाचायला खुला होतो. नाव आणि वैद्यकीय तपशील झाकायचे असतील तर १४ दिवसांत तशी विनंती करावी लागते.

त्यानंतर न्यायालय हुकूमनामा नोंदवते आणि अर्जदाराला ९० दिवसांत लेखी कळवावे लागते की, तो हा निकाल स्वीकारतो की नाकारून दिवाणी न्यायालयात उत्पादकावर दावा करू इच्छितो. वाटाघाटी करून मिळवलेली रक्कम कोणी नाकारत नाही, आणि दुसऱ्या वाटेवर आता फारसे काही उरलेलेही नाही. २०११ साली ‘ब्रूसविट्झ’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लसीच्या रचनेतील दोषाबद्दल उत्पादकाविरुद्ध दावा चालणार नाही असा निर्णय दिला. स्वीकाराचा कागद दाखल झाला की निधीतून रक्कम येते आणि वकिलाच्या फीचा अर्ज वेगळा चालतो.

कोविडची लस घेतलेल्यांना मात्र हे सारे लागू होत नाही. अमेरिकेत त्या लसींसाठी २००५ च्या आणीबाणीविषयक कायद्याखालची वेगळी योजना वापरली गेली. तिथे मुदत लस घेतल्यापासून फक्त एक वर्षाची आहे, अर्ज न्यायालयात न जाता खात्याकडेच राहतो, वेदनांसाठी भरपाई मिळत नाही आणि वकिलाची फीही मिळत नाही. तिथे समोरासमोर बसून रक्कम ठरवण्यासाठी दुसरा पक्षच नसतो. अर्ज मंजूर होतो किंवा फेटाळला जातो. आपल्या बाईंनी त्याच दुकानात त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर कोविडचीही लस घेतली असती, तर तज्ज्ञांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला असता, आणि लेकीला दोन वेगळ्या दारांवर दोन वेगळ्या मुदतींत अर्ज करावे लागले असते.